कारण सापडलेली चक्कर

नामपल्लीच्या मैदानात आकाशपाळण्याचा सांगाडा उभा राहिला की मला शुभाचा राग येतो. शुभा म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. ती पुण्यात असते, नवरा, मुलगी, नोकरी सगळं सांभाळून सुखात असते, आणि तिने माझं काही वाकडं केलेलं नाही. तरी येतो. डिसेंबर संपत आला की ग्रंथालयातून घरी जाताना माझी रिक्षा त्या मैदानावरून जाते. दर जानेवारीत तिथे भरणाऱ्या प्रदर्शनाची तयारी चाललेली असते, पत्रे ठोकल्याचे आवाज थेट दाढेत जातात, आणि सगळ्या अर्धवट दुकानांच्या वर तो पाळणा, अजून डबे न टांगलेला. मी रिक्षावाल्याला म्हणते, ‘मियां, जरा जल्दी चलो.’ तो म्हणतो, ‘हौ अम्मा, ट्रॅफिक तो देखो.’ मग मी डोळे मिटून घेते. डोळे मिटले की मला जास्त फिरतं, पण राग जरा कमी येतो.

मला फिरतं, हे आधी सांगायला हवं. लोकांना चक्कर येते आणि जाते. माझी आलेली आहे. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, ती गेलेली नाही. झोक्यावरून उतरल्यावर पहिली दोन पावलं जमीन जशी पायाखालून जराशी सरकते, तसं माझं दिवसभर असतं. मी पडत नाही. पडले असते तर बरं झालं असतं, कुणाला तरी दिसलं असतं. मी चालते, स्वयंपाक करते, ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहिते, आणि हे सगळं करताना डावीकडे जरा झुकलेली असते, आतल्या आत. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, कपड्यांच्या दुकानातले झगझगीत दिवे, समोरून येणारी माणसंच माणसं, यांत ते वाढतं. सकाळी कमी, चारनंतर जास्त. कारण माहीत नाही. पाच डॉक्टरांना माहीत नाही, म्हणजे मलाही नाही.

सुरुवात मात्र मला तारखेसकट आठवते, पण ती कुणाच्या कामाची नाही म्हणून सांगत नाही. नव्वदीतला हिवाळा होता. सगळं शहर तेव्हा काहीतरी नवीन शिकायला निघालं होतं. आमच्या मलकपेठच्या गल्लीवर केबलच्या तारांचं जाळं पसरलं होतं, कोपऱ्यावरच्या पानवाल्याने एसटीडीचा पिवळा बूथ टाकला होता, आणि दिलसुखनगरला तर ज्या इमारतीत जिना आहे त्या प्रत्येक इमारतीत जिन्याच्या वर कॉम्प्युटरचा क्लास होता. आमच्या नात्यात तोवर तीनच गोष्टी होत्या, सरकारी नोकरी, मास्तरकी आणि वकिली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. ते एका संध्याकाळी चपला काढता काढता म्हणाले, ‘थोरलीला घालू या क्लासला. डोकं चांगलं आहे तिचं, माणसांशी बोलायचं काम नाही त्यात.’

डोकं चांगलं होतं, हे खरंच. पण त्या खोलीत बारा यंत्रं होती, आणि बाराही बारीक शिट्टी वाजवत होती. ती शिट्टी फक्त मला ऐकू येत होती. पडदे लुकलुकत होते, तेही फक्त मलाच दिसत होतं. एसीची हवा मानेवर एकाच जागी पडायची, शेजारच्या मुलीच्या केसांतलं मोगऱ्याचं तेल, मास्तरांची अर्धी तेलुगू अर्धी इंग्रजी भरधाव शिकवणी. दहा दिवस मी दात दाबून बसले. अकराव्या दिवशी उठून उभी राहिले तर जमीन हलली, आणि मग थांबलीच नाही. आठवड्याभराने आई म्हणाली, ‘सोड तो क्लास, आपोआप बरी होशील.’ सोडला. बरी झाले नाही. आणि भरलेली जागा वाया कशाला घालवायची म्हणून त्या खुर्चीवर शुभा जाऊन बसली. मी एकवीसची, ती एकोणीसची. तिला शिट्टी ऐकू आली नाही. पंधरा दिवसांत ती घरी येऊन जेवताना अशा शब्दांत बोलायला लागली की अण्णा घास थांबवून ऐकत राहायचे. माझ्या पोटात दुखायचं. मी आमटीकडे बघत बसायची.

मग डॉक्टर सुरू झाले. कानाचे डॉक्टर म्हातारे, गोड, जुन्या शहरातले. त्यांनी विचारलं, ‘कैसा लगता, बेटी?’ मी सगळं नीट सांगितलं, कुठल्या बाजूला, किती वाजता, कुठल्या फरशीवर, बसल्यावर किती, मान वळवल्यावर किती. वही नेली होती, तीही दाखवली. ते वहीकडे बघून हसले आणि आईला म्हणाले, ‘कान तो फर्स्ट क्लास है. बच्ची सोचती बहुत.’ डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे चांगले म्हणून सांगितलं. मेंदूच्या डॉक्टरांनी मला यंत्रात घालून फोटो काढले आणि म्हणाले, ‘सब नॉर्मल है, मिठाई बाँटो.’ आईने खरंच देवापुढे साखर ठेवली. मी न्हाणीघरात जाऊन रडले. नॉर्मल हा शब्द त्या हिवाळ्यात मला शिवीसारखा लागायचा.

घरात कुणी मला खोटारडी म्हटलं नाही. तेवढी चांगली माणसं होती. पण आई म्हणायची, ‘तोंडावर तर काही दिसत नाही ग तुझ्या.’ आणि ते खरं होतं. माझ्या तोंडावर काही दिसत नाही. दुखलं तरी, आवडलं तरी, माझा चेहरा बँकेच्या रांगेत उभं राहिल्यासारखाच असतो. मला औषध नको होतं त्या वेळी, देवाशपथ नको होतं. घरातल्या एका माणसाने म्हणायला हवं होतं की हो, तुला फिरतंय. अण्णांनी म्हटलं असतं तर सगळ्यात बरं. अण्णा मोजून बघितल्याशिवाय काही बोलत नसत, त्यामुळे त्यांनी म्हटलं की ते झालंच. मी वाट बघत होते. अण्णा वर्तमानपत्र वाचत होते.

पौष महिना लागला, संक्रांत झाली, आणि हळदीकुंकवाचे दिवस आले. घरोघरी जायचं, अत्तर लावून घ्यायचं, गुलाबपाणी अंगावर उडवून घ्यायचं, वाण घ्यायचं आणि वर हसायचं. मेंदूच्या डॉक्टरांनी जाता जाता एक सांगितलं होतं, फिरायला लागलं की एका जागी स्थिर असलेल्या वस्तूकडे बघावं. विमलकाकूंच्या दिवाणखान्यात तीस बायका, चाळीस भांड्यांचा आवाज, आणि पायाखाली नेमकी चौकटीची फरशी. मला एकच स्थिर वस्तू सापडली, विमलकाकूंचं ठसठशीत कुंकू. मी त्याच्याकडे बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी त्या उठून आरशात जाऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, ‘तुमची थोरली माझ्या कपाळाकडेच बघत्येय मघापासून. फिसकटलंय की काय माझं?’ शुभा पटकन म्हणाली, ‘काकू, तुमच्यासारखं गोल लावायला शिकत्येय ती. आमच्या घरी कुणाला जमत नाही.’ सगळ्या हसल्या, काकू फुलल्या, माझ्या ओटीत दोन वाणं पडली. घरी येताना मी शुभाशी बोलले नाही. तिने मला वाचवलं होतं, आणि ते इतकं सहज वाचवलं होतं की माझा नुसता जळफळाट झाला.

त्याच आठवड्यात शुभाला चक्कर आली.

एकदाच आली. सकाळी उपाशी पोटी क्लासला गेली होती, जिना चढली आणि वर जाऊन धाडकन पडली. दोन मुली तिला ऑटोत घालून घरी घेऊन आल्या. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता, ओठ थरथरत होते, डोळ्यांत पाणी. शुभाला आजारी पडता येत असे, हे मला तेव्हा कळलं. बघणाऱ्याला काही विचारावंच लागत नव्हतं. आईने कांदा फोडला, लिंबूपाणी केलं, शेजारच्या रझिया आपा धावत आल्या. आणि अण्णा, ज्यांनी माझ्या मेंदूच्या फोटोच्या दिवशीसुद्धा आईला एकटीला पाठवलं होतं, ते ऑफिसातून अर्धी रजा टाकून घरी आले आणि तिच्या उशाशी बसले.

तिचं रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी कागद आला. त्यात एका आकड्याखाली लाल रेघ होती. रक्त कमी. नाव होतं त्याला, औषध होतं, किती दिवस घ्यायचं तेही लिहिलेलं होतं. आई तो कागद हातात धरून म्हणाली, ‘हिचं तरी कारण सापडलं बाई.’ मी दारात उभी होते. आता माझं वय पन्नाशीला टेकलंय, आयुष्यात मला पुष्कळ गोष्टींचा हेवा वाटला, दुसऱ्यांच्या मैत्रिणींचा, लग्नांचा, मोकळेपणाने फोनवर बोलणाऱ्या माणसांचा. पण त्या लाल रेघेचा जेवढा वाटला तेवढा कशाचाच नाही. मला बरी शुभा व्हायचं नव्हतं. मला आजारी शुभा व्हायचं होतं.

घरात खजूर आले, बीट आलं, गूळ-शेंगदाण्याचे लाडू झाले. मला कुणी लाडू नाही म्हटलं असं नाही. डबा समोरच असायचा. मीच खाल्ले नाहीत.

त्या रविवारी सकाळी अण्णा हातोडी घेऊन माझ्या खोलीत आले. शुभा बाहेरच्या खोलीत पलंगावर पडून होती, आई तिला मोसंबं सोलून देत होती. खिडकीच्या चौकटीत वर मधोमध अण्णांनी एक खिळा मारला. खिशातून त्यांचा ओळंबा काढला, पितळेचा, खाली टोकदार, दोरीला गाठी असलेला. भिंत सरळ उठतेय की नाही ते बघायला गवंडी वापरतात तो. साइटवरचे मेस्त्री त्याला साहूल म्हणत. आमचं मलकपेठचं हे घर अण्णांनी त्याच ओळंब्याने उभं करून घेतलं होतं. तो त्यांनी खिळ्याला टांगला. वारा होता, म्हणून हलायला लागला. मग स्वयंपाकघरातून एक पितळी वाटी आणली, पाणी घातलं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, आणि ओळंब्याचं टोक त्या पाण्यात बुडेल अशी दोरी खाली सोडली. पाण्यात टोक असलं की ओळंबा लवकर थांबतो, कितीही वारा असो. तो थांबला. अण्णा बोटाने दाखवून म्हणाले, ‘हे बघ. हे सरळ आहे.’ आणि हातोडी घेऊन निघून गेले.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मला एवढंच कळलं की मोजमाप झालं. भिंत सरळ आहे, खिडकी सरळ आहे, घर सरळ आहे. म्हणजे वाकडं काय ते तूच बघ. अण्णा मोजल्याशिवाय बोलत नसत, आणि आता त्यांनी मोजून दाखवलं होतं. मी तीन महिने त्या खिडकीकडे पाठ करून झोपले. अण्णा मात्र रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी खोलीत येत, वाटीतलं पाणी ओतत, ताजं भरत. डास होऊ नयेत म्हणून, असं मी धरून चालले. ते तसेच होते. नळाची तोटी, देवघरातला दिवा, घड्याळाची किल्ली, सगळं वेळच्या वेळी.

फेब्रुवारीत शुभा बरी झाली, म्हणून आम्ही सगळे प्रदर्शनाला गेलो. तिला आकाशपाळण्यात बसायचं होतं. आई घाबरत होती, पण डॉक्टरांनी परवानगी दिली होती, कागदावर आकडा चढला होता. ती वर गेली. मी खाली उभी, हातात तिची पर्स आणि तिच्या ओढणीची घडी. काश्मिरी शालींचे, लखनवी कुडत्यांचे, मिरची भज्यांच्या तेलाचे वास, भोंग्यावर हरवलेल्या पोरांची नावं, आणि माझ्या पायाखालची जमीन नेहमीसारखी डावीकडे. शुभा उतरली ती हसत, केस विस्कटलेले, माझा दंड धरून म्हणाली, ‘अक्का, काय मस्त गरगरलं ग. अजून फिरतंय बघ.’ लोक रांगेत उभे राहून, तिकीट काढून ते विकत घेत होते. मी तिचा हात सोडवला. पाच मिनिटांनी ती भजी खात होती.

मग पुढची वर्षं सांगण्यासारखी आहेत तशी नाहीतही. शुभाला नोकरी लागली, पुण्यातला नवरा मिळाला, तोही कॉम्प्युटरमधलाच. मी ग्रंथालयात लागले. तिथे खोली शांत आहे आणि पुस्तकं हलत नाहीत. कार्ड लिहिताना प्रत्येक पुस्तकाला एक विषय द्यावा लागतो, कुठल्यातरी क्रमांकाखाली ते बसवावंच लागतं, आणि ते बसलं की मला बरं वाटतं. चाळिशी उलटल्यावर शुभाच्याच मुलीने, ती मानसशास्त्र शिकते, मला एका बाईंकडे पाठवलं, आणि त्या बाईंनी तीन भेटींनंतर सांगितलं की मला ऑटिझम आहे, जन्मापासूनच. शिट्टी, दिवे, चेहरा, कुंकू, सगळं एका ओळीत आलं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात असं कळलं तेव्हा मात्र हसू आलं. मी स्वतःत कधीच मग्न नव्हते. माझं सगळं लक्ष शुभाकडे असायचं. चक्करेचं विचारलं तर बाई म्हणाल्या, ती वेगळी असेल, किंवा नसेल, सांगता येत नाही. एका गोष्टीचं कार्ड झालं, दुसरी तशीच पडून राहिली.

अण्णा जाऊन बारा वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांनी मला विचारलं नाही आणि मी त्यांना विचारलं नाही. ओळंब्याकडे मी केव्हाच बघायला लागले होते, त्याने फरक पडतो म्हणून. दहा मिनिटं बघितलं की डावीकडे थोडी कमी झुकते. पण ते मी अण्णांना सांगितलं नाही. ज्याने मला खोटं पाडलं त्याच्याच वस्तूने बरं वाटतं, हे कसं सांगणार. ते गेल्यावर वाटीतलं पाणी मी बदलायला लागले.

या वर्षी शुभा मुलीला घेऊन जानेवारीत आली. आल्या आल्या तिला प्रदर्शनाला जायचं. मी पुन्हा खाली उभी, या वेळी दोन पर्सा घेऊन. शुभा उतरली ती कठड्याला धरूनच. पन्नाशीच्या अलीकडचं वय, नाश्त्यानंतर काही खाल्लेलं नाही. घरी आणून तिला माझ्या पलंगावर निजवलं. दिवेलागणीची वेळ होती. लिंबूपाणी केलं. तिचा चेहरा अजूनही तसाच, सगळं दाखवणारा.

ती खिडकीकडे तोंड करून पडली होती. थोड्या वेळाने म्हणाली, ‘याच्याकडे बघून खरंच बरं वाटतं ग. हा मी नेऊ पुण्याला?’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘देशील कशी. तेव्हाही मिळाला नव्हता मला.’

‘तेव्हा म्हणजे?’

‘अण्णांनी टांगला ना, त्या दिवशी. हातोडी घेऊन बाहेर आले तर मी म्हटलं, मलाही एक टांगा, मलाही फिरतंय. एवढी आजारी मी, नि वस्तू तुझ्या खोलीत. राग आला होता मला.’ ती हसली. ‘तर म्हणाले, तुला कशाला, तुझी आठवड्याभरात जाईल. तिची जाणारी दिसत नाही, तिला धरायला काहीतरी हवं रोज.’

मी खुर्चीवर बसले. म्हटलं, ‘पुन्हा सांग.’

‘काय?’

‘ते जे म्हणाले ते. जसंच्या तसं.’

‘अग तेच, तुझी जाणार नाही म्हणून…’

‘मघाशी तू जाणारी दिसत नाही म्हणालीस. नक्की कुठलं?’

‘अक्का, तीसेक वर्षं झाली. काय फरक पडतो?’

फरक पडतो. ते वाक्य माझं होतं. मी एकवीस वर्षांची असल्यापासून त्याची वाट बघत होते, आणि ते या एवढ्या वर्षांत पुण्यात हिच्याकडे पडून होतं. तिने ते अण्णांच्या आवाजात ऐकलं. मला ते मिळालं ते तिच्या तोंडून, आणि तेही तिने नीट जपून ठेवलेलं नव्हतं. ‘तू सांगितलं का नाहीस मला कधी?’ मी विचारलं. तर ती चकित होऊन म्हणाली, ‘तुला माहीतच असेल की. तुझ्याच तर खिडकीत टांगला होता.’ मला वाटतं मी रडत होते, कारण तिने उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. एरवी मला ते चालत नाही. मी ठेवू दिला.

सकाळी शुभाची चक्कर पार गेली होती. मी उठले तर ती न्हाऊन, केस विंचरून खिडकीशी उभी. म्हणाली, ‘वाटीतलं पाणी बदललं बरं का मी. अण्णांसारखं.’ मी बरं म्हटलं. ती चहा टाकायला आत गेल्यावर मी वाटी उचलली, पाणी बाहेर तुळशीत ओतलं, आणि माझ्या हाताने पुन्हा भरून ठेवली.